भरलं, पाहिलं

१

सोमवारी क्लब बंद असे. बाकीचे सहा दिवस मी सकाळी सहाला दुबईतल्या अल मनखूलमधून गाडी काढायचो. शारजाच्या औद्योगिक भागातली गॅरेजं उघडायच्या आत तिथून पार व्हायचो आणि पावणेसातला वाळवंटाच्या कडेला असलेल्या नेमबाजी क्लबवर पोचायचो. अकरा वर्षं हाच रस्ता. डोळे मिटून गेलो असतो तरी पोचलो असतो, आणि शेवटी शेवटी जवळजवळ तसाच जात होतो.

माझं काम काडतुसं भरण्याचं. पुण्याच्या नातेवाइकांना हे सांगितलं की ते आधी दचकतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "कायदेशीर असतं ना?" असतं बाबा. परवाना फ्रेम करून भिंतीवर टांगलेला असतो. सभासद पिस्तुलं चालवतात, जमिनीवर रिकाम्या पितळी पुंगळ्या पडतात, त्या धुऊन, वाळवून आमच्याकडे येतात. पुंगळीच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टिकली बसवायची, आत मोजकी पावडर घालायची, तोंडावर गोळी ठेवायची आणि दाबायची. सरावासाठीचं काडतूस तयार. पापड लाटण्यापेक्षा यात काही फार निराळं नाही, फक्त पापड चुकला तर कुणाची बोटं जात नाहीत.

खोलीला खिडकी नाही. बाहेरच्या भिंतीवर लॉकर आहेत. पावडरजवळ फोन चालत नाही, म्हणून तो लॉकरमध्ये ठेवायचा. माझा चौदा नंबर. आतल्या बाजूला आणखी एक दार आहे, ते थेट नेमबाजीच्या पहिल्या लेनमध्ये उघडतं. शिफ्ट तीनला संपली की त्या दिवसाच्या मालातली पन्नास काडतुसं घ्यायची आणि त्याच दारातून पहिल्या लेनवर द्यायची. ती ऑड्री झाडून बघते. त्या पन्नासांत काही निघालं नाही, तरच बाकीचा माल सभासदांना जातो.

ऑड्री म्हणजे वॉल्टरची मुलगी.

२

वॉल्टर वसईचा. त्या खोलीत माझ्याआधी दोन वर्षं आलेला. काडतुसं दाबायची आमची जुनी प्रेस साधी होती. दांडा एकदा ओढला की एकच काम व्हायचं. त्यामुळे एक पुंगळी आमच्या हातून चार वेळा जायची. पावडर मी घालायचो आणि म्हणायचो, "भरलं." वॉल्टर डावीकडच्या स्टुलावर बसलेला असायचा. एक डोळा मिटायचा, छोटी बॅटरी पुंगळीच्या तोंडावर धरून आत बघायचा आणि म्हणायचा, "पाहिलं." मगच गोळी बसायची.

प्रत्येक पुंगळीला हे. दिवसाला चारशे वेळा. मॅनेजर हमीदला तो शुद्ध वेडेपणा वाटायचा. पण वॉल्टरनं पूर्वी दुसऱ्या एका क्लबवर रिकामं काडतूस काय करतं ते बघितलं होतं. पावडर नसली तर नुसती टिकली फुटते. फुस्स आवाज येतो आणि गोळी नळीत मध्येच अडकून राहते. माणसाला वाटतं, बार फुसका गेला. तो पुन्हा घोडा ओढतो. मग पिस्तूल हातात फुटतं.

"राजाभाऊ, ऑड्री मारते पहिले बार," तो म्हणायचा. बाकी स्पष्टीकरण नाही.

गेल्या वर्षी नवी प्रेस आली. तिच्यात एक गोल तबकडी फिरते, तिच्यावर चार पुंगळ्या उभ्या. दांडा एकदा ओढला की चारींवर चार कामं एकदम होतात आणि दर ओढीला एक तयार काडतूस ट्रेमध्ये पडतं. पावडर भरल्यावर आणि गोळी ठेवायच्या आधी एक क्षण मिळतो, त्यात आत बघून घ्यायचं. रिकामी पुंगळी आली तर वाजणारा एक बझरही मिळतो, पण तो सुटा घ्यावा लागतो. "आ जाएगा, इन्शाल्ला," हमीद म्हणाला.

पंधरा दिवस ट्रायल झाली. मग हमीदनं मला केबिनमध्ये बोलावलं.

"राजा भाई, सच बोलो. इस पे दो आदमी चाहिए या एक?"

मला उत्तर माहीत होतं आणि त्या उत्तराचा अर्थही माहीत होता. वॉल्टर साठीला टेकलेला, मी चोपन्नचा.

"एक बस है," मी म्हणालो. त्यानं एक कागद पुढे केला, मी सही केली.

वसईला परत निघालेल्या वॉल्टरच्या निरोपाचा केक कँटीनमध्ये कापला. वॉल्टरनं मला मिठी मारली. त्याला कागदाचं माहीत होतं की नाही, कोण जाणे. "पाहत जा रे," एवढंच म्हणाला. मला लाज वाटायला हवी होती. मी वाट बघितली, पण वाटली नाही. घरी जाताना पेट्रोल भरलं, माझ्या बायकोनं, अनुपमानं सांगितलेली कोथिंबीर घेतली.

३

पहिले काही महिने मी प्रत्येक पुंगळीत बघत होतो. दांडा ओढ, वाक, बघ, गोळी ठेव. सवयीनं तोंडातून "भरलं" निघायचं. समोर कुणी नाही हे लक्षात आलं की मी घसा खाकरून गप्प बसायचो.

एका बुधवारी मी "भरलं" म्हणालो आणि डावीकडून "पाहिलं" आलं.

आवाज मोठा नव्हता. स्टुलावर बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून आला. स्टूल रिकामं होतं, त्यावर माझी टोपी होती. मी गोळी ठेवली, दांडा ओढला. "पाहिलं." पुन्हा ओढला. "पाहिलं."

मी काही घाबरट माणूस नाही. एसी बंद करून बघितला. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यानं सांगितलं की कान वयाच्या मानानं उत्तम आहेत, आणि कमी मीठ खा. मी "भरलं" म्हणणं बंद करून बघितलं. तरी दर ओढीला उत्तर यायचं. दांडा अर्धाच ओढून थांबलो तर यायचं नाही. पुंगळी जागेवर न ठेवता ओढला तर त्या फेरीला यायचं नाही. मोठं हिशेबी होतं ते. इतकी वर्षं कानावर पडलेला शब्द डोक्यात रुतून बसला असेल, असं मी ठरवलं. बोटीतून उतरल्यावरही जमीन हलल्यासारखी वाटते, तसंच काहीसं.

एकदाच उत्तर आलं नाही. मी दांडा ओढला, कान दिला, नुसती शांतता. वाकून बघितलं तर पुंगळी कोरडी ठणठणीत. पावडर वरच अडकली होती. मी ती उचलून बाजूला टाकली, दांडा ओढला.

"पाहिलं."

त्या दिवसापासून मी बघणं सोडलं.

हे मी लपवत नाही. मान दुखायची, डोळे चुरचुरायचे, आणि तो बघत होताच. माझं काम फक्त ऐकण्याचं उरलं. नव्या प्रेसवर बघत बघत तासाला चारशे पडायची, आता सहाशे पडू लागली. हमीद पाठीवर थाप मारून म्हणाला, "कमाल है, हबीबी." काही दिवसांनी तर मी नीट ऐकणंही सोडलं. शब्द येत राहायचा, दांडा हलत राहायचा आणि मी कुठेच नसायचो.

४

मे महिन्यात दहाच्या चहाला मी कँटीनमध्ये बसलो होतो. समोर ऑड्री. ती इथेच जन्मलेली. मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजी मिसळूनच येतं.

"अंकल, डॅडी हॅड अ स्ट्रोक. इन मार्च," ती म्हणाली. "तुम्हाला सांगणार होते, बट डॅडी सेड नो वरीइंग पीपल. नाऊ ही कान्ट से एनीथिंग. जस्ट वन वर्ड."

कुठला, ते मी विचारलं नाही.

"पाहिलं. ऑल डे. डॉक्टर सेज इट्स कॉमन. वन वर्ड गेट्स स्टक."

मी मनातल्या मनात मागे मोजत गेलो. तो बुधवारही मार्चमधलाच होता.

ऑड्रीनं व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर इनेज आली, वॉल्टरची बायको. थकलेली दिसत होती.

"राजाभाऊ, कसे आहात? वैनी बऱ्या आहेत? याचं काय सांगू. सकाळी साडेआठला खिडकीत बसवलं की सुरू. बोलतो तो बोलतोच. साडेअकराला जरा गप्प होतो, अर्धा तास. मग परत सुरू, ते साडेचारपर्यंत. सोमवारी मात्र दिवसभर शांत पडून असतो."

वसईत तेव्हा साडेअकरा होऊन दहा मिनिटं झाली होती. मी कँटीनच्या घड्याळाकडे बघितलं. दहा वाजून दहा मिनिटं.

"आणि हात बघा त्याचे," इनेज म्हणाली. "रोज धुते मी. रोज संध्याकाळी परत काळे. कुठे घालतो कोण जाणे. उठत तर नाही जागचा."

तिनं फोन वळवला. वॉल्टर खुर्चीत पुढे वाकून बसला होता, एक डोळा मिटलेला. बोटांची टोकं काळी, पुंगळ्या हाताळल्यावर होतात तशी. मी टेबलाखाली माझे हात बघितले. सकाळपासून अठराशे पुंगळ्या हाताळल्या होत्या. हात स्वच्छ होते.

"डॅडी, लुक, राजाभाऊ अंकल!"

त्यानं मान वर केली. उघड्या डोळ्यावर वाटाण्याएवढा एक प्रकाशाचा ठिपका पडला होता. खिडकी त्याच्या पाठीमागे होती. खोलीत दिवा नव्हता. पुंगळीच्या तळाचं पितळ बॅटरीच्या उजेडात चमकतं आणि बघणाऱ्याच्या बुबुळावर उमटतं, तसा तो ठिपका होता. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मी त्याच्याकडे. मग माझा चहा संपला.

उठताना मी ऑड्रीला सांगायला हवं होतं. निदान त्या दिवसापासून स्वतः बघायला सुरुवात करायला हवी होती. मी खोलीत गेलो, दांडा ओढला. "पाहिलं," वॉल्टर म्हणाला.

५

जुलैतल्या एका मंगळवारी, अकराच्या सुमाराला, दांडा ओढता ओढता माझ्या लक्षात आलं की खोलीत फक्त एसीचा आवाज आहे.

कधीपासून, ते मला माहीत नाही. दहा ओढी झाल्या असतील, दोनशे झाल्या असतील. ट्रेमध्ये दोन हजारांच्या वर काडतुसं पडली होती, एकमेकांवर घसरून मिसळलेली. बाहेरून सगळी सारखी. वजन करूनही कळत नाही, कारण पुंगळ्याच निरनिराळ्या वजनाच्या असतात आणि पावडर असते चिमूटभर.

मी दार उघडून बाहेर आलो. ऑड्री लॉकरपाशी जमिनीवर बसली होती, हातात फोन. हमीद तिच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन उभा होता.

"डॅडी इज गॉन, अंकल," ती म्हणाली. "तो त्याचा तो शब्द म्हणत होता आणि मध्येच थांबला."

दुपारच्या विमानानं ती गेली. मी हमीदला म्हणालो, हा माल देऊ नकोस.

"क्यों? जुम्मे को मॅच है."

"खोलून बघावा लागेल."

हातोडीसारखं एक हत्यार असतं, त्यात काडतूस अडकवून लाकडावर ठोकलं की गोळी आणि पावडर सुटी होते. मी तीन दिवस ठोकत बसलो. आठशेनव्वदावं काडतूस ठोकलं तेव्हा गोळी निघाली, पावडर निघाली नाही. मी पुंगळी उलटी करून तळहातावर आपटली. काहीच नाही. उरलेली सगळी खोलली, ती नीट भरलेली होती. एकच रिकामं होतं. कदाचित मी ते पन्नासांत टाकलं असतं आणि ऑड्रीच्या हातात दिलं असतं.

तेव्हा मला काहीतरी वाटलं. मी ती रिकामी पुंगळी पुन्हा पुन्हा तळहातावर आपटत राहिलो. ते बरं वाटलं, कारण वर्षभरात पहिल्यांदाच काही वाटत होतं.

हमीदनं ती रिकामी पुंगळी टेबलावर उभी ठेवली. "ये कैसे हुआ?"

"मैं देख नहीं रहा था," मी म्हणालो. यापेक्षा खरं मला बोलता येत नव्हतं.

त्यानं पुंगळी उचलून आत बघितलं. वाईट माणूस नाही तो. "खलास, राजा भाई," तो शेवटी म्हणाला.

६

व्हिसाचे कागद व्हायला महिना लागणार होता. अनुपमानं पुण्याला न्यायच्या भांड्यांचे खोके बांधायला घेतले. मी हॉलमध्ये खुर्चीत बसून असायचो. खाली पार्किंग, पलीकडे किराणा दुकान, त्याच्या दारात उकळणारा करक चहा. बघण्यासारखं बरंच होतं, पण मी बघत नव्हतो.

आठवड्यानं ऑड्री परत आली. एका रविवारी संध्याकाळी तिचा फोन आला.

"अंकल, हमीद सरांनी प्रेस मला दिली. डॅडीजची जागा. आय आस्क्ड फॉर इट."

"आणि चाचणी कोण करतं?"

"मीच. शॉर्ट स्टाफ ना. तीनला प्रेस बंद, देन स्ट्रेट टू लेन वन."

"बझर बसवला का?"

"कमिंग, इन्शाल्ला." ती हसली.

"ऑड्री, प्रत्येक पुंगळीत बघ. स्वतः. कळलं? स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

"अंकल, कॅन आय टेल यू समथिंग? तुम्ही हसणार नाही ना?"

"नाही."

"समवन सेज इट. प्रत्येक वेळी. पाहिलं. आधी मला वाटलं इट्स डॅडी. बट इट साउंड्स मोअर लाइक यू." ती पुन्हा हसली. "इट्स सो कम्फर्टिंग, अंकल. आय डोन्ट इव्हन हॅव टू लुक."

मी तिला रागावलो. शपथ घातली. ती "येस अंकल, येस अंकल" म्हणाली. मीही वॉल्टरला असंच म्हणालो होतो, "हो रे, पाहीन."

फोन ठेवल्यावर मी हात बघितले. बोटांची टोकं काळी होती. साबणानं घासली, निघाली. आदल्या रात्री जेवायच्या आधीही मी ती घासली होती, हे तेव्हा आठवलं.

७

आज मंगळवार.

सातला मी खुर्चीत बसलो. खालचं पार्किंग दिसेनासं झालं आणि डाव्या डोळ्यापुढे पितळी कडा आली. तिच्या आत मऊ, राखाडी पावडर, बरोबर अर्ध्याच्या जरा खाली. मी म्हणालो. कडा गेली, दुसरी आली. मी म्हणालो. ऑड्रीचा हात माझ्यापेक्षा जलद चालतो.

हे भयंकर आहे, असं मला वाटायला हवं. पण मला एवढंच वाटतं की हे काम आहे आणि या वेळी मी ते नीट करीन. दहाला तिचा चहा झाला, माझाही झाला. अनुपमा म्हणाली, "अहो, सकाळपासून काय पुटपुटताय?" मी म्हणालो, काही नाही. साडेदहाला परत सुरू झालं. पाहिलं. पाहिलं. पाहिलं.

अकराच्या पुढे कधीतरी अनुपमानं स्वयंपाकघरातून विचारलं, "कुकर लावते. भात जरा जास्तीचा ठेवू का, रात्रीलाही होईल?"

"ठेव," मी म्हणालो.

तेवढ्यात एक गेलं. कडा आली आणि सरकली, आत काय होतं ते मला दिसलं नाही. मी नुसता "ठेव" म्हणालो होतो. त्याच्यानंतरचं भरलेलं होतं. त्याच्यानंतरचंही.

ऑड्रीचा फोन लॉकरमध्ये आहे. गाडीनं जायचं तर पाऊण तास, आणि तेवढ्या वेळात शेकड्यांनी निसटतील. पण हमीदला फोन करता येईल. मला नाही, अनुपमाला. तिला एवढंच सांगायचं की हमीदला म्हण, आजचा माल कुणी मारू नका. या वाक्यात आणखी दोन-तीन निसटतील. निसटू देत. सगळाच माल खोलता येईल. मी मनात वाक्य नीट जुळवलं, तिच्याकडे मान वळवली आणि तोंड उघडलं.

"पाहिलं," मी म्हणालो.

मी पुन्हा प्रयत्न केला. तिचं नाव घ्यायचा केला. बत्तीस वर्षं घेतलेलं नाव. जीभ वळली, ओठ हलले.

"पाहिलं."

अनुपमा हात पुसत दारात आली. तिनं आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या बोटांकडे.

"काय पाहिलंत?" ती म्हणाली. "अहो, काय पाहिलंत?"

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. तीनला अजून सव्वातीन तास होते.